यादीतल्या नांग्या

(जिल्हा मेळाव्यात कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून इथे कापसाच्या भावावर, पीकविम्यावर, रात्रीच्या विजेवर पुष्कळ बोलून झाले. माझ्याकडे आलेला विषय त्यामानाने कोरडा आहे : मतदान. हा शब्द निघाला की मागच्या ओळीतली माणसे तंबाखू मळत मंडपाबाहेर जातात, हे मला ठाऊक आहे. थोडे थांबा. मत कुणाला द्या हे मी सांगणार नाही आणि एकाही पक्षाचे नाव घेणार नाही. मला बोलायचे आहे ते तुमच्या-माझ्या गावातल्या त्या माणसाबद्दल, ज्याने मतदान सोडून दिले आहे किंवा कधी केलेच नाही.

मी शिकलो शेतकी, तेव्हा सुरुवात शेतापासून करतो. कपाशी टोबल्यावर आठव्या-दहाव्या दिवशी आपण तासांतून फिरतो. तेव्हा उगवलेल्या झाडांकडे कोणी पाहत नाही, नजर जाते ती नांग्यांवर. नांग्या दहा दिवसांच्या आत भरल्या तर भरल्या. महिन्याने टोबलेले बी उगवते, पण ते झाड शेजारच्या झाडाच्या सावलीत राहते आणि बोंड धरत नाही. आता तशीच आपल्या गावाची मतदार यादी हातात घ्या. मागच्या दोन निवडणुकांत कोण केंद्रावर गेले आणि कोण गेले नाही, यावर बोट फिरवा. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. मागच्या खेपेपेक्षा बरे झाले, असे सगळे म्हणाले. पण राज्यात मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख. म्हणजे तीन कोटींहून जास्त माणसे घरी राहिली. दर तिसरे झाड ज्या शेतात नाही, त्या शेताला आपण भरलेले शेत म्हणतो काय?

मीही एक नांगीच होतो

दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी स्वतःचे सांगतो. माझे नाव यादीत लागले तेव्हा मी कृषी महाविद्यालयात होतो. पदवी झाली, बियाण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, आणि पस्तिशीला टेकेपर्यंत मी एकदाही मत दिले नाही. कारण विचारले असते तर मी तुम्हाला चांगले अर्धा तास भाषण दिले असते. सगळे एका माळेचे मणी, धोरण दिल्लीत ठरते, माझ्या एका मताने काय होते, वगैरे. खरे कारण एवढेच होते, की सुट्टीच्या दिवशी दोनशे किलोमीटर गावाला कोण जाणार!

१० एप्रिल २०१४ ला विदर्भात लोकसभेचे मतदान होते. आईच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. तिला केंद्रावर नेऊन आणायला घरी कोणी नव्हते, म्हणून मी गावी गेलो. मत द्यायला नव्हे, आईला पोचवायला. ज्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो, तिथेच केंद्र. आईला बायकांच्या रांगेत उभे केले. तिने मागे वळून विचारले, "तू नाई लागत काय रांगेत?" एवढ्या बायकांसमोर नाही म्हणायची लाज वाटली.

मी पुरुषांच्या रांगेकडे गेलो आणि सरळ दाराजवळ जाऊन उभा राहिलो. मुद्दाम नव्हे. गावात कुठेही गेलो तरी लोक "या साहेब, पुढे या" म्हणतात, त्या सवयीने. रांगेत आमच्याकडे अकरा वर्षे सालदार राहिलेला माणूस होता. तो हळूच म्हणाला, "भाऊ, रांग मांगून हाये."

मी मागे जाऊन उभा राहिलो. पाऊण तास उन्हात होतो. त्या पाऊण तासात मला जे कळले ते चार वर्षांच्या पदवीत आणि बारा वर्षांच्या नोकरीत कळले नव्हते. आमच्या घरात त्या माणसाचा चहाचा कप वेगळा असायचा. सोसायटीत, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही तो माझ्या पुढे नव्हता. तिथे होता. आणि मला मागे जा म्हणण्याचा त्याला हक्क होता, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही.

आई बाहेर आली तेव्हा बोटावरची शाई जपत होती. गाडीवर बसताना म्हणाली, "आत कोनीच नसते बाप्पा. आपल्याले कोनी इचारत नाई." सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. कर्जाच्या कागदावर अंगठा होता, पण कर्ज काढू का म्हणून तिला कोणी विचारले नव्हते. नवरा, सासरा, पुढे आम्ही मुले, कोणीतरी कायम तिच्या वतीने ठरवत आलो. त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी होती आणि ठरवणारी तीच होती. त्या दिवसापासून आमच्या घरात मतदान बुडलेले नाही.

हे घरचे पुराण एवढ्यासाठी सांगितले, की मला भाषणाने कोणी केंद्रावर नेले नाही. आईने रांगेत उभे केले. नवा वाण आपण पत्रक वाचून घेतो काय? शेजारच्या धुऱ्यापलीकडे चार तास उभे दिसले, हात लावून बोंड पाहिले, की मग घेतो. मतदानाचेही तसेच आहे.

"काय फरक पडते?"

आता ज्याने मतदान सोडले त्याची बाजू ऐका. तो मूर्ख नाही. तो म्हणतो, "२००८ साली दिल्लीने कर्जमाफी दिली. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी. माझी जमीन सात एकर, सगळी कोरडवाहू, मी मोठा शेतकरी ठरलो. ओलिताचे चार एकर असलेला अल्पभूधारक ठरला. मग मी कशाला जाऊ?" तो म्हणतो, "२०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर झाला. आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. आपला कापूस बाजारात येतो ते नेमके हेच महिने. मी मत देऊन हे थांबले असते काय?"

नसते. मी खोटे बोलणार नाही. उद्या तुम्ही बटण दाबले म्हणून परवा कापूस दोन हजारांनी चढत नाही. मतदान म्हणजे युरिया नव्हे, की टाकला आणि आठ दिवसांत पान हिरवे झाले. ते शेणखतासारखे आहे. एका हंगामात दिसत नाही, आणि दहा वर्षे टाकले नाही तर जमीन कशी होते ते मात्र दिसते.

हिशेब पाहा. आयात शुल्क काढा ही मागणी कापड धंद्याची होती. गिरणीला मत नसते, पण गिरणीचा माणूस दिल्लीत कायम बसलेला असतो. आपला माणूस दिल्लीत बसू शकत नाही, त्याला सोयाबीन काढायचे असते. आपल्याकडे मोजता येईल अशी एकच गोष्ट आहे. ती आपण कपाटात ठेवून देतो आणि वर विचारतो, की आपल्याला कोणी मोजत का नाही?

आणि मोजतात, भावांनो, फार बारीक मोजतात. निकाल लागल्यावर प्रत्येक मतदान केंद्राचे आकडे वेगवेगळे जाहीर होतात. तुम्ही मत कुणाला दिले हे कोणालाच कळत नाही, पण तुमच्या केंद्रावर हजारातले किती आले हे कळते. पुढच्या वेळी उमेदवाराकडे प्रचाराला पंधरा दिवस असतात आणि गावे दोनशे. ज्या केंद्रावर निम्मे लोक येत नाहीत, तिथे तो थांबेल कशाला? गाडीतूनच हात जोडून पुढे जातो. ज्वारी-कपाशीचा कोरडवाहू पट्टा म्हणून आपण एकगठ्ठा ओरडतो, पण केंद्राच्या कागदावर आपण विरळ दिसतो.

"एका मताने काय होते" म्हणणाऱ्याला दोन-तीन आकडे सांगा. २००८ साली राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात आमदारकीचा निकाल एका मताने लागला. एका! ते दूर वाटत असेल तर २०२४ ची आपली विधानसभा घ्या. साकोलीत फरक २०८ मतांचा, बुलढाण्यात ८४१ मतांचा. एका आमदारकीच्या सगळ्या केंद्रांवर मिळून ८४१. आपल्या एका मोठ्या गावात तेवढी माणसे त्या दिवशी घरी असतात.

बहिष्कार आणि नोटा

काही गावे रस्त्यासाठी, पाण्यासाठी मतदानावर बहिष्कार टाकतात. त्या रागाबद्दल मला आदर आहे, तो राग खरा आहे. पण कायदा काय आहे ते नीट समजून घ्या. अमुक टक्के मतदान झाले नाही तर निवडणूक रद्द, असा नियम आपल्याकडे नाही. तुमचे अख्खे गाव घरी बसले तरी आमदार निवडून येतोच, फक्त तो तुमच्याशिवाय निवडून येतो. आणि तुम्ही रागावून घरी राहिलात की ताप आला म्हणून राहिलात, याची नोंद कुठेच होत नाही.

राग नोंदवायचा असेल तर त्याची जागा यंत्रावरच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर 'वरीलपैकी कोणीही नाही', म्हणजे नोटाचे बटण आले. २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये दुसऱ्या क्रमांकाची मते नोटाला पडली, २७ हजारांहून जास्त. घरी बसलेले २७ हजार कोणाला दिसले नसते. रांगेत उभे राहून नकार देणारे २७ हजार राज्यभर गाजले. लोकसभा-विधानसभेत नोटा पहिला आला तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो, हेही खरे आहे. पण आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला, की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. नकाराला एवढी तरी किंमत आली, ती रांगेत उभे राहून नकार देणाऱ्यांमुळे.

आणि निवडणूकच झाली नाही तर काय होते, तेही आपण भोगले आहे. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षे तिथे प्रशासक बसले. त्या काळात कोणी मत मागायला आले नाही. आणि पांदण रस्त्याचा अर्ज घेऊन तुम्ही गेलात तेव्हा ऐकायला कोण होते? ज्याला तुमच्याकडे परत यायचे नाही, तो तुमचे कशाला ऐकेल?

उभी बाटली, आडवी बाटली

मायबहिणींनो, हा भाग तुमच्यासाठी. गावातले दारूचे दुकान बंद करायचे मतदान आपल्याकडे होते. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. चिन्हे दोनच. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. यातली खरी मेख पुष्कळांना ठाऊक नसते. आलेल्या मतांत आडवी जास्त झाली म्हणजे दुकान बंद होत नाही. यादीत जेवढ्या महिला आहेत, त्यांच्या निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडावी लागतात.

समजा यादीत आठशे बाया आहेत. केंद्रावर आल्या तीनशे नव्वद आणि सगळ्याच्या सगळ्या आडव्या बाटलीला मत देऊन गेल्या. उभ्या बाटलीला शून्य. तरी दुकान चालू राहते! कारण चारशेच्या वर गेले नाही. म्हणजे ज्या चारशे दहा जणी वेचणीला गेल्या, माहेरी गेल्या, "इतर जातीलच" म्हणून घरी राहिल्या, त्यांचे मत आपोआप उभ्या बाटलीला पडले. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरात रोज रात्री मार खाणे चालू असेल. न जाण्याचा अर्थ काय होतो, हे मला याहून सोपे करून सांगता येत नाही.

आत काय होते

पुष्कळ माणसे आळसाने नव्हे, संकोचाने जात नाहीत. साठीचा माणूस, कधी गेला नाही, आता चुकले तर लोक हसतील म्हणून जात नाही. पहिल्यांदा मत देणारी सूनबाई घाबरते. म्हणून तुम्ही त्यांना आधीच सगळे सांगा.

आत गेल्यावर पहिला अधिकारी यादीत नाव पाहतो आणि मोठ्याने वाचतो. घाबरू नका, नाव वाचतात ते बसलेल्या प्रतिनिधींना ऐकू जावे म्हणून. ओळखपत्र नसेल तर आधार, फोटो असलेले बँकेचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्डसुद्धा चालते. पण नाव यादीत पाहिजे. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, वहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन यंत्र चालू करतो. मग तुम्ही आडोशामागे जाता, एकटे. चिन्हासमोरचे निळे बटण दाबायचे. लाल दिवा लागतो, शेजारच्या यंत्राच्या काचेत तुमच्या चिन्हाची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते. लांब शिटी वाजली की झाले. तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर भांडत परत येऊ नका. तुमची ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देण्याचा हक्क आहे, तो तिथेच मागा.

आणि एक गोष्ट ठासून सांगा. आत काय केले हे कोणालाही कळत नाही. ज्याने पैसे वाटले त्यालाही नाही, ज्याने देवाची शपथ घातली त्यालाही नाही. पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार, हा कायदा आहेच. पण पैशाच्या धाकाने कोणी आत जात असेल, तर त्याला माझ्या आईचे वाक्य सांगा. आत कोणीच नसते.

१९५१-५२ साली पहिली निवडणूक झाली तेव्हा देशात शंभरातल्या अठरा-वीस लोकांनाच वाचता येत होते. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि त्यावर चिन्ह लावले. त्या वेळी सुमारे २८ लाख बायांची नावे यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. आपल्या आज्या-पणज्या अशा परिस्थितीतून केंद्रावर पोचल्या. आपल्याला तर आता बटण दाबायचे आहे.

कार्यकर्त्यांना तीन कामे

पहिले काम यादीचे. इथून गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गावातली पाच नावे लिहून काढायची, जी मागच्या दोन निवडणुकांत गेली नाहीत. पाचच. आपला मुलगा असेल, काका असेल, शेजारीण असेल. ज्याचे नाव यादीत नाही त्याचा सहा नंबरचा अर्ज भरा. नाव चुकले असेल किंवा पत्ता बदलला असेल तर आठ नंबरचा. आता वर्षातून चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला ज्याला अठरा पूर्ण, त्याला नाव लावता येते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ म्हणजे महिन्याने भरलेली नांगी.

दुसरे काम वेचणीच्या दिवसाचे. आपल्या विधानसभेचे मतदान पाहा : १५ ऑक्टोबर २०१४, २१ ऑक्टोबर २०१९, २० नोव्हेंबर २०२४. तिन्ही वेळा शेतात कापूस फुटलेला. वेचणारीला किलोवर मजुरी. ती रांगेत उभी राहिली तर तिची मजुरी बुडते. दुकान-कारखान्यातल्या कामगाराला मतदानाची पगारी सुट्टी कायद्याने आहे. शेतातल्या बाईला ती कोण देणार? आपणच. आपण मालक म्हणून ठरवायचे, की त्या दिवशी वेचणी दुपारनंतर. सकाळी आपल्या ट्रॅक्टरवर नव्हे, त्यांच्या पायांनी आणि त्यांच्या मर्जीने त्यांना जाऊ द्यायचे, आणि कुणाला दिले ते विचारायचे नाही. बुडालेल्या वेळाची मजुरी द्यायची. हे आपल्याला जमत नसेल तर "आमच्या घामाला दाम द्या" हे बोलण्याचा आपला अधिकार थोडा कमी होतो. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला जे रांगेत आहेत त्या सर्वांना मत देता येते, हेही सांगून ठेवा. आणि जी जोडपी ऊसतोडीला जातात त्यांच्याशी उचल घेण्याच्या वेळीच बोला. २०२४ साली गळीत हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि मतदान २० ला होते. मत गावात, माणूस फडात. त्यांना पोस्टाने मत देता येत नाही. मुकादमाकडे दोन दिवसांची रजा आधीच ठरवून घेतली तरच ते येतील.

तिसरे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत महत्त्वाचे. त्या पाच जणांना भाषण देऊ नका. वाद घालू नका, मीही वादात कोणाला हरलो नव्हतो. मतदानाच्या दिवशी सकाळी त्यांच्या दारात जा आणि म्हणा, "चला, मी चाललो, सोबत या." रांगेत त्यांच्या मागे उभे राहा, पुढे नाही. आधी एखाद्या रात्री समाजमंदिरात खोक्याचा आडोसा करून, पुठ्ठ्यावर बैल-नांगराची चित्रे काढून पोरांसोबत तालीम घ्या. म्हातारी माणसेही हसत हसत शिकतात. पंच्याऐंशीच्या पुढच्यांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना लोकसभा-विधानसभेला घरूनही मत देता येते, पण त्याचा अर्ज आधी भरावा लागतो. बाकी ज्याला चालता येते त्याने केंद्रावरच गेले पाहिजे. कारण नुसते बटण दाबणे हा त्यातला अर्धाच भाग आहे. दुसरा अर्धा भाग त्या रांगेत उभे राहण्याचा आहे.

आमचा सालदार आता नाही. त्याच्या मुलाने तीन एकर केली आहे, कपाशीत तूर. २०२४ ला तो आणि मी एकाच रांगेत होतो. तो पुढे होता, मी मागे. मी त्याला मत कुणाला दिले विचारले नाही. बाहेर आल्यावर आम्ही दोघांनी टपरीवर चहा घेतला, एकाच ताटलीतून कप उचलले, आणि तो वेचणीला गेला.

पाच नावे. आज रात्री घरी गेल्यावर लिहून काढा.